खणांचे घर

भोकरहून भैंशाकडे येताना राज्याची सीमा ओलांडल्याचे फलकांवरील लिपीवरून तेवढे कळते; कापसाच्या शेतांवरून किंवा जुन्या घरांवरून ते मुळीच कळत नाही. मुधोळ तालुक्याचा हा मुलूख १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता. पुढे तो आदिलाबादेत गेला आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. कचेऱ्या बदलल्या, माळवदे तीच राहिली.

आमचे वडिलोपार्जित घर याच भागातील एका खेड्यात आहे. सात खणांचे. हल्ली घर चौरस फुटांत सांगतात. आमच्याकडे ते खणांत सांगत, म्हणजे खांबांच्या ओळींमधील जागेत. दगडी उथळ्यावर सागवानी खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर दांडे, त्यांवर किलच आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती चढवणे हा घरातील कर्त्या पुरुषाचा नेम असे. जुनी माती मात्र सहसा कोणी काढीत नसे. थरावर थर साचत गेला आणि त्याचे ओझे दरवर्षी वाढत राहिले.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात चुलतभावांनी घर उतरवण्याचा विषय काढला. लाकडाचा एक व्यापारी येऊन खांब मोजून गेला होता. त्याने दिलेला भाव ऐकून मीही क्षणभर गप्प झालो, हे कबूल करतो. पुण्याचा विश्रामबागवाडा राखला जातो. खेड्यातल्या ओसरीचा वाली कोण? थोरल्या भावाचा मुद्दा मात्र पैशाचा नव्हता. तो म्हणाला, “गुरुजी, तुम्ही शाळेच्या गावी राहता. या छताखाली माझी नातवंडे निजतात. किल्लारी विसरलात काय?”

मी ती विसरलो नव्हतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र संपता संपता, तेथे भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे दगावली. तेव्हा मी नांदेडला शिकत होतो. विद्यार्थ्यांच्या तुकडीबरोबर मदतीस गेलो होतो. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती फुगून फुटल्या होत्या आणि माणसे त्या दगडांखाली गेली होती. पण त्याच ढिगाऱ्यांत काही ठिकाणी खणांचे लाकडी सांगाडे उभे होते, भिंतीवाचून. त्या वेळी त्याचा अर्थ उमगला नाही. भार खांबांवर होता, भिंत नुसता आडोसा होती. मारेकरी ठरल्या त्या भिंती आणि ते मातीचे ओझे. पुढे मराठवाड्यात गावेच्या गावे माळवदांना भिऊ लागली आणि दोषाचा वाटा लाकडाच्याही माथी आला.

भावाला हे सारे समजावण्यास तीन बैठका लागल्या. अखेर अर्धा विजय मिळाला. मागील चार खण उतरवून तेथे स्लॅबच्या खोल्या झाल्या; ढेलज आणि ओसरीचे तीन खण राहिले. त्यांवरची माती उतरवून हलके पत्रे घातले. पत्रे दिसायला कुरूप आहेत, उन्हाळ्यात तापतात, पण ओझे गेले. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यांत तिरपे आधार दिले. वाळवीने खाल्लेले दोन खांबांचे पाय कापून जुन्याच सागवानाचे तुकडे साल-कुसवाने सांधले. भिंतीला सिमेंटचा गिलावा करण्याचा आग्रह मात्र मी मोडून काढला. त्याने ओल आत कोंडते आणि भिंतीत दडलेले लाकूड कुजते.

हे काम करणारा वृद्ध सुतार तेलुगू. तुळईला तो ‘दूलम्’ म्हणे. मागचे खण उतरवताना त्याने मला हाक मारून एक खांब दाखवला. कुसवाजवळ पटाशीने कोरलेल्या तीन रेघा होत्या; हस्ताच्या पोटातही तशाच तीन. पुढच्या सांध्यावर चार. कोणता तुकडा कोठे बसवायचा याची ती खूण होती. म्हणजे जमिनीवर जुळवून, उतरवून, मग घर उभे केले होते, आणि ते पुन्हा उभे करता येण्याजोगे होते.

व्यापारी दोनदा येऊन गेला. उतरवलेले खांब गोठ्यात विटांवर रचून ठेवले आहेत, रेघा दिसतील अशा बेताने. कोणता खांब कोठला, त्याची यादी मी शाळेच्या एका कोऱ्या वहीत उतरवून घेतली आहे. एक हस्त तेवढा सापडत नाही, पाच रेघांचा.