वहीतला आकडा

घरातली गोष्ट चारचौघांत सांगू नये, असे म्हणतात. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी जे घडले ते आमच्यापुरते ठेवावे असे आम्हा उभयतांना वाटत नाही. ज्या घरी शिकणारी मुले आहेत आणि कॉम्प्युटर किंवा मोबाईल आहे, तिथे हे केव्हाही घडू शकते. म्हणून वाचक बंधुभगिनींपुढे ते मांडत आहोत. मुलाचे नाव सांगत नाही. चूक त्याची होती, पण ती एकट्याची नव्हती.

कन्हान नदीच्या काठी वसलेले आमचे खापा हे जुने, हातमागाचे गाव. आता माग थोडे उरले. मुलगा आठवीत गेला तेव्हा त्याच्या अभ्यासासाठी म्हणून आम्ही नागपुराहून एक जुना कॉम्प्युटर विकत आणला. इंटरनेटचे काम आमच्या मोबाईलवर भागायचे. सुट्टी लागली आणि वस्तीतली सात-आठ मुले आमच्या ओसरीवर जमू लागली. कोणीतरी पेनड्राइव्हवर ‘रोडरॅश’ आणून दिला. मोटारसायकलच्या शर्यतीचा हा खेळ एके काळी कॉम्प्युटर असलेल्या पुष्कळ घरांत होता. शर्यतीत वर नंबर आला की पैसे मिळतात, पडून गाडी मोडली किंवा पोलिसांनी पकडले की पैसे जातात, आणि साठलेल्या पैशातून चांगली गाडी घेता येते.

मुले उगीच गोंधळ घालतात, त्यापेक्षा काही शिस्त लागावी, म्हणून आम्हीच स्पर्धा ठेवली. प्रत्येकाने दहा शर्यती खेळायच्या, शेवटी ज्याच्याजवळ जास्त पैसे तो पहिला. भिंतीवर एक वही टांगली. बक्षीस म्हणून कंपासपेटी आणि बाबासाहेबांचे चरित्र, तेही २६ नोव्हेंबरला संविधान दिनी विहारात सर्वांसमोर द्यायचे ठरले.

आमचाच मुलगा पहिला आला. दुसरी आली ती मागच्या गल्लीतली सातवीतली मुलगी. अंतर फार नव्हते, थोडेसेच. आम्हाला आनंद झाला. शेजारीपाजारी सांगूनही झाले. बक्षीस देऊन चार दिवस झाल्यावर ती मुलगी एक निळी वही घेऊन आमच्या दारात आली. म्हणाली, “काकू, याचा हिसाब जुळत नाही. मी सगळ्यांचे लिहून ठेवले आहे. याच्या दहा शर्यतीत एवढे पैसे होतच नाहीत.”

आम्ही वही उघडूनसुद्धा पाहिली नाही. म्हणालो, “हरली म्हणून असं बोलू नये बाई. दुसऱ्याचं चांगलं पाहावं.” ती काही बोलली नाही. वही छातीशी धरून परत गेली आणि पुन्हा आमच्या ओसरीवर आली नाही.

हे सारे आमच्या घरची आजी खाटेवरून पाहत होती. रात्री जेवताना ती म्हणाली, “त्या पोरीची वही पाहिली का तुम्ही? नाही पाहिली ना? मंग कशी खोटी पाडली तिले?”

आम्हाला उत्तर सुचले नाही. मुलाने ताटातली मान वर केली नाही. ते पाहिले आणि आमच्या लक्षात आले.

त्याने मग सगळे सांगितले. ‘चीट इंजिन’ नावाचे एक सॉफ्टवेअर आहे. ते फुकट मिळते, एका डच प्रोग्रॅमरने ते बनवले आहे. त्याने ते आमच्याच मोबाईलवरून उतरवून कॉम्प्युटरवर घेतले होते. आम्ही दोघेही कॉम्प्युटर शिकलेले नाही, तेव्हा आम्हाला समजेल अशा तऱ्हेने त्याने ते सांगितले. खेळ चालू असतो तेव्हा त्यातला प्रत्येक आकडा कॉम्प्युटरच्या मेमरीत कुठेतरी लिहिलेला असतो. समजा, पैसे आहेत १२५०. तर त्या सॉफ्टवेअरला विचारायचे, मेमरीत १२५० कुठे कुठे आहे? ते शेकडो जागा दाखवते, कारण तो आकडा दुसऱ्याही कामासाठी लिहिलेला असू शकतो. मग खेळात परत जाऊन थोडे पैसे कमवायचे किंवा खर्चायचे. समजा, आता झाले ११००. तर आधी सापडलेल्या जागांपैकी आता ११०० कुठे आहे, हे विचारायचे. जागा कमी होतात. असे दोन-चारदा केले की एखाद-दुसरी जागा उरते. तोच खेळाचा खजिना. तिथला आकडा खोडून आपल्याला हवा तो लिहायचा. खेळाला काही कळत नाही. तो आपला नवा आकडा खरा धरून पुढे चालतो.

सांगताना त्याचा चेहरा एकीकडे उतरलेला आणि दुसरीकडे फुललेला होता, हेही नमूद केले पाहिजे. शाळेत मेमरी म्हणजे काय हे त्याने पाठ केले होते. इथे ते त्याला समजले होते. आम्ही विचारले, “मग लाखो रुपये काऊन नाही लिहिले?” तो म्हणाला, “तुम्हाला खरं वाटलं नसतं.” तिच्यापेक्षा थोडेसेच जास्त लिहिले, म्हणजे कोणी शंका घेणार नाही. या उत्तराने आम्हाला जास्त दुःख झाले.

नंतर तो जरा चिडला. “मी कोणाच्या खिशातून काढले काय? कॉम्प्युटर आपला, खेळ आपला. तो आकडाच तर आये. खेळातला आकडा.”

यावर आजी बोलली. आजीचे माहेर कामठीचे. लहानपणापासून तिने बिडी वळली. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि जर्दा, बोटाला धागा. मजुरी हजारावर. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण मोजता येत होते. ठेकेदाराच्या मुनीमापुढे माल टाकला की तो त्यातल्या कितीतरी बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा, त्यांची मजुरी नाही, आणि बिड्या मात्र त्याच्याकडेच. वहीत लिहायचा तेव्हा आणखी कमी लिहायचा. ती म्हणायची हजार झाल्या, तो म्हणायचा वहीत आठशे आहेत. वही त्याची, अक्षर त्याचे, अंगठा तिचा.

“आमच्या मुनीमजीनंही आकडाच बदलवला होता बापू,” ती नातवाला म्हणाली. “माह्या हातातून रुपया नव्हता काढून घेतला त्यानं.”

घरात कोणी काही बोलले नाही.

त्याच कामठीचे बाबू हरदास एल. एन. बिडी कामगारांना संघटित करण्यासाठी झटले. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १९३९ साली, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आपण एकमेकांना ‘जय भीम’ म्हणतो, त्या अभिवादनाचे श्रेय त्यांना दिले जाते. बिडी कामगारांसाठी केंद्राचा कायदा व्हायला १९६६ साल उजाडले. दुसऱ्याच्या वहीत आपल्या कष्टाचा आकडा खरा लिहिला जावा, एवढ्यासाठी आपल्या माणसांना किती झगडावे लागले! आणि त्यांच्याच घरातला मुलगा वस्तीतल्या एका मुलीच्या कष्टापुढे खोटा आकडा लिहून मोकळा झाला होता.

पण मुलाच्या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हते असेही नाही. आम्ही त्याच्याचकडून आणि त्याच्या संगणक शिकलेल्या मामाकडून पुष्कळ समजून घेतले. १९९० च्या सुमारास परदेशात ‘गेम जिनी’ नावाचे यंत्र निघाले होते. ते खेळाच्या यंत्राला जोडले की खेळाडूला जास्त जीव मिळायचे. निन्टेन्डो कंपनी त्याविरुद्ध कोर्टात गेली. १९९२ साली अमेरिकेच्या अपील कोर्टाने ‘गेम जिनी’ विकणाऱ्या कंपनीच्या बाजूने निकाल दिला. विकत घेतलेला खेळ कोणी आपल्या घरी, आपल्या मौजेसाठी बदलून खेळला तर त्याने कंपनीचा हक्क बुडत नाही, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे एकट्याने, कोणाला न फसवता, मेमरीतला आकडा शोधून बदलून पाहणे यात चोरी नाही. उलट त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

दुसरे उदाहरण २०१८ सालचे. चीनमधील शांघायला एका मोठ्या स्पर्धेत भारताचा संघ खेळत होता. त्यातल्या एका तरुण खेळाडूच्या कॉम्प्युटरवर नेम आपोआप साधून देणारे सॉफ्टवेअर सापडले. त्याने त्या फाइलला पत्रे लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचे नाव देऊन लपवले होते. संघ स्पर्धेतून बाद झाला, पुढे तो संघच मोडला आणि त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. बाकीच्या खेळाडूंचा काय दोष होता? दक्षिण कोरियात तर अशी साधने बनवून वाटणे हा कायद्याने गुन्हा आहे. इंटरनेटवरच्या पुष्कळ खेळांत हल्ली पैशाचा खरा आकडा कंपनीच्याच कॉम्प्युटरवर असतो. आपण आपल्या पडद्यावरचा बदलला तरी त्यांच्या वहीत तोच राहतो.

तेव्हा फरक साधनात नाही. समोर दुसरा कोणी खरेपणाने खेळत आहे की नाही, आणि आपण त्याला सांगितले आहे की नाही, यात तो फरक आहे. भिंतीवर वही टांगली त्या दिवशी तो खेळ आमच्या मुलाचा एकट्याचा उरला नव्हता.

विहारात आपण दर रविवारी पंचशील घेतो. मुसावादा म्हणताना आमच्या मनात कोर्ट, कचेरी, बाजार असे मोठे खोटे येते. खेळातले खोटे येत नाही. पण मज्झिम निकायात अंबलट्ठिका राहुलोवाद सुत्त आहे. त्यात तथागत आपल्याच मुलाला, लहान राहुलाला, उपदेश करतात. भांड्यात थोडेसे पाणी उरवून दाखवतात, ते फेकतात, भांडे पालथे करतात आणि सांगतात की जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही त्याचे श्रमणपण असेच थोडे, असेच फेकलेले, असेच पालथे. पुढे सांगतात की थट्टेतसुद्धा खोटे बोलायचे नाही. सम्राट अशोकाने आपल्या बैराटच्या लेखात भिक्षूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावे म्हणून जी धम्मवचने सांगितली, त्यात खोटे बोलण्याविषयीचा राहुलाला केलेला हा उपदेश आहे. आम्ही तो मुलाला वाचून दाखवला. आरसा कशासाठी असतो, असे तथागतांनी राहुलाला विचारले. पाहण्यासाठी, असे राहुल म्हणाला. तसेच काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहून घ्यावे, असे तथागतांनी सांगितले.

मुलाने ऐकून घेतले. मग म्हणाला, “पवनचक्कीचं काय मंग?”

वाचकहो, खरे तर हा लेख या वाक्यासाठीच लिहिला आहे. मागच्या वर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्याच्या पवनचक्कीला दुसरा नंबर मिळाला. ती पवनचक्की त्याने केली नव्हती. वडिलांनी दोन रात्री जागून मोटर बसवली, आईने पुठ्ठे कापले, रंग दिला. “तुम्हीच म्हणाले ना, सर विचारतील तर मीच केली म्हणजो.” त्या प्रदर्शनात स्वतःच्या हाताने काहीतरी वेडेवाकडे करून आणलेली मुलेही असतील. त्यांचा आकडा आम्ही बदलला होता. प्रशस्तिपत्र आमच्या बैठकीत टांगलेले होते, बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली.

ज्यांच्या फोटोखाली ते टांगले, त्यांचे शिक्षण कसे झाले? शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून यावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले. डी. एस्सी.च्या प्रबंधावर परीक्षकांनी आक्षेप घेतले, तेव्हा तो सुधारून त्यांनी पुन्हा सादर केला आणि १९२३ साली पदवी मिळवली. आपल्या मुलांच्या गुणांकडे आजही काही लोक संशयाने पाहतात. म्हणून आपण खरे वागावे, असे आम्ही म्हणत नाही. संशय घेणाऱ्यांसाठी आपण जगत नाही. पण खोट्या आकड्याच्या मुलाला आपल्याला खरोखर किती येते हेच कळत नाही. रोडरॅशमध्ये आपला मुलगा किती चांगला खेळतो, हे आम्हाला अजून ठाऊक नाही. त्यालाही नाही.

आम्ही काय केले ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघेही त्या मुलीच्या घरी गेलो. आधी आम्ही माफी मागितली, कारण तिला खोटे आम्ही ठरवले होते. मग मुलाने मागितली आणि कंपासपेटी व पुस्तक तिच्या हाती दिले. तिने निळी वही आणून दाखवली. प्रत्येक शर्यत, प्रत्येक नंबर, प्रत्येक दंड ओळीने लिहिलेला होता. आजीने घरी आल्यावर विचारले, “किती फरक निघाला?” ७५० चा, असे सांगितल्यावर ती म्हणाली, “पोरगी पक्की आहे.” पुढच्या रविवारी विहारात, वंदना झाल्यावर, मुलाने स्वतःहून मुलांना सांगितले. नंतर ओसरीवर ते सॉफ्टवेअर कसे चालते तेही दाखवले. आता त्या मुलीलाही ते येते. दोघे मिळून आकडे शोधतात, पण वहीत लिहायच्या शर्यतीच्या वेळी ते बंद ठेवायचे असे मुलांनीच ठरवले आहे.

पवनचक्कीचे प्रशस्तिपत्र घेऊन आम्ही शाळेत गेलो. तिथे आम्हाला सांगण्यात आले की सगळेच पालक असे करतात, एवढे मनाला लावून घेऊ नका, परत घेण्याची काही पद्धत नाही. आम्ही ते घरी आणले. भिंतीवर पुन्हा लावले नाही, पेटीत ठेवले आहे. भिंतीवर खिळा तसाच आहे. या वर्षीच्या प्रदर्शनासाठी मुलगा स्वतः काहीतरी करतो आहे. दोनदा बिघडले. वडिलांचे हात शिवशिवतात, पण आजी खाटेवरून पाहत असते.