तिसरे पाऊल

जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' (१९८६) मी पुन्हा वाचली ती मांजरसुंब्याला, दिवाळीच्या पाडव्याला. आजीने सांगितलेली वामनाची गोष्ट येथे विज्ञानकथा होते. वामन देव नसून बुद्धिमान यंत्रमानव आहे; त्याला पाऊल टेकू देणारा बळी म्हणजे अवघी मानवजात. शीर्षकातला नकार वाचकाला दिलासा देतो.

मला तो पुरेना. आमच्याकडे वाट पाहिली जाते ती बळीची. पाडव्याला बायका 'इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो' म्हणतात. जोतीराव फुल्यांनीही 'गुलामगिरी'त (१८७३) बळीचीच बाजू घेतली. आणि सण सरला की बीडची माणसे ऊसतोडीला निघतात.

आता फडात तोडणीयंत्रे आली आहेत. नारळीकरांच्या कथेत यंत्राला माणसासारखे नाव मिळते. ऊसतोडीच्या बोलीत नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. यंत्र माणूस होण्याच्या कितीतरी आधी येथे माणूस अवजार झाला आहे. यंत्राने त्याची सुटका होईल, की पोटच जाईल?

कादंबरीत संकट सर्वांवर सारखे येते. फडात मात्र तिसरे पाऊल कोणाच्या मस्तकावर पडणार, हे आधीच ठरलेले असते.