दमणचे सहा वाजून दहा

गेल्या थंडीत सुरतेला आत्याकडे चार दिवस राहून आलो. तिची इमारत पाडून नवी बांधायचे ठरले आहे, तेव्हा सामान आवरायला घरचे कोणीतरी हवे होते. दादाच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झालेले, नातवंडे परगावी. मी सरकारी कारकून; माझी अर्जित रजा शिल्लक पडलेलीच असते. शिवाय जुने कागद वाचायचे आणि ठेवायचे कोणते, फाडायचे कोणते ते ठरवायचे, हा तर माझा रोजचाच उद्योग.

ट्रंकेच्या तळाशी आत्याची पत्रिका निघाली. तिला टाचणीने लावलेली एक चिठ्ठी, आजोबांच्या हातची: दमण, १९३८, कार्तिक, सकाळी ६ वाजून १० मिनिटे, कन्यारत्न. आजोबा पोर्तुगीज सरकारच्या नोकरीत होते. गोव्याहून त्यांची बदली दमणला झाली आणि आत्याचा जन्म तिथला. त्यांनी ही वेळ कोणाबरोबर तरी वलसाडच्या जोशीबुवांकडे पाठवली आणि पत्रिका तिकडून करून आली. पत्रिकेच्या डोक्यावर जोशीबुवांनी स्वच्छ लिहिले होते: स्टँडर्ड टाइम ६-१०, स्थानिक ५-३१.

मधला फरक ३९ मिनिटांचा. हा आकडा माझ्या ओळखीचा होता.

शाळेत आपण शिकतो की पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरच्या बाजूची, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबई पावणेत्र्याहत्तरच्या जरा पुढे, म्हणून तिथला सूर्य या घड्याळाच्या ३९ मिनिटे मागे. नकाशा काढून बघा, मजा आहे. मुंबईपासून सरळ उत्तरेला रेघ ओढली तर ती दमणवरून जाते आणि सुरतेवरूनही. तिन्ही गावांत सूर्य एकाच क्षणी डोक्यावर येतो. आपली पणजी एका अंशाने पूर्वेला आहे, तिथे तो चार मिनिटे आधी येतो.

पूर्वी ज्या गावचा सूर्य त्या गावची वेळ असे चालायचे आणि कोणाचे काही अडत नव्हते. अडले ते आगगाडीचे. १८७०च्या सुमारास रेल्वेने देशभर मद्रासची वेळ धरली. वेधशाळा तिथे होती आणि मद्रास साधारण मुंबई-कलकत्त्याच्या मधे पडत होते. त्यामुळे सुरतेच्या स्टेशनात घड्याळ गावाच्या अर्धा तास पुढे चालायचे. झांपा बाजारातला क्लॉक टॉवर याच सुमाराचा, १८७१ सालचा. खानबहादूर बर्जोरजी मेरवानजी फ्रेझर यांनी तो स्वखर्चाने बांधला. आत्याच्या घरून येता-जाता मी त्याच्याकडे बघत होतो. गाडी पकडायची असेल तर मनात अर्धा तास मिळवायचा, एवढे त्या वेळच्या सुरतकराला पाठ असणार.

१८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसनसाहेबांनी हीच मद्रासची वेळ मुंबई शहरावर लादायचा घाट घातला. मुंबईकर खवळले. विद्यापीठाच्या सिनेटने राजाबाई टॉवरचे घड्याळ मुंबईच्याच वेळेवर ठेवायचे ठरवले, तर सरकार म्हणाले, मग रात्री त्याच्या दिव्याचा खर्च आम्ही देणार नाही! (सरकारी डोके कसे चालते ते मला चांगले माहीत आहे. हा शेरा कोणत्या टेबलावर लिहिला गेला असेल ते मी डोळ्यांपुढे आणू शकतो.) दोन वर्षांत सरकारने माघार घेतली.

१ जानेवारी १९०६ रोजी आजची प्रमाणवेळ आली. बंगालची फाळणी नुकतीच झालेली, लोकांचे डोके तापलेले, त्यात हे. जानेवारीच्या काळोखात घड्याळ ३९ मिनिटे पुढे गेले म्हणजे गिरणी कामगाराला तेवढे आधी अंथरुणातून उठणे आले. जेकब ससून गिरणीतल्या हजारो कामगारांनी काम थांबवले. मुंबई महापालिकेने ठराव करून आपली घड्याळे जुन्या वेळेवरच ठेवली आणि ती पुढे चाळीसहून अधिक वर्षे, देश स्वतंत्र झाल्यावरसुद्धा, तशीच राहिली. कलकत्त्यानेही १९४८ पर्यंत आपली वेळ सोडली नाही. मुंबईच्या वेळेची बाजू घेणाऱ्यांत फिरोजशहा मेहता होते. पुढे डिसेंबर १९०७ मध्ये याच सुरतेत काँग्रेसच्या मंडपात एक दक्षिणी जोडा भिरकावला गेला आणि तो सुरेंद्रनाथांना लागून मेहतांना लागला. पण तो काही घड्याळापायी नव्हे.

हे सगळे ब्रिटिश मुलखातले. आमचा मुलूख निराळा. पोर्तुगालने १९११ साली हुकूम काढून ग्रीनिचची पद्धत स्वीकारली आणि १९१२ पासून गोवा, दमण, दीव यांना ग्रीनिचच्या पाच तास पुढची वेळ लावून दिली. साडेपाच नव्हे, पाच. लिस्बनला अर्ध्या तासाची भानगड नको असावी. योगायोगाने ही वेळ आमच्या सूर्याला इंग्रजांच्या वेळेपेक्षा जवळची होती. दमणचे घड्याळ खऱ्या सूर्याच्या नऊच मिनिटे पुढे.

म्हणजे एकाच रेघेवर, एकाच सूर्याखाली, तीन सहा वाजत होते. वापीच्या स्टेशनात सहा वाजले, गाडी शिटी देऊन निघाली, त्यानंतर अर्ध्या तासाने पाच-सात मैलांवरच्या दमणला सहा वाजायचे आणि आणखी नऊ मिनिटांनी मुंबई महापालिकेच्या घड्याळात.

देश मोठा असला की हे असले चालायचेच. आपल्याकडे कच्छपासून अरुणाचलपर्यंत सूर्योदयात जवळजवळ दोन तासांचा फरक पडतो. आसामच्या चहामळ्यांत अजून ‘बागान टाइम’ पाळतात, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. वेगळी वेळ मागणारा अर्ज गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१७ साली फेटाळला. चीनने तर १९४९ नंतर सगळ्या देशाला बीजिंगचे घड्याळ दिले. तिकडे पश्चिम टोकाला लोकांनी कधी उठायचे ते त्यांचे त्यांनी बघावे.

आता पुन्हा आत्याची पत्रिका. जोशीबुवा बसले होते वलसाडला, ब्रिटिश हद्दीत. सहा-दहा म्हटल्यावर त्यांनी सवयीने स्टँडर्ड टाइम धरला आणि ३९ मिनिटे वजा केली. वजा करायची होती नऊ. महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत घड्याळे एक तास पुढे होती, त्या काळातला जन्म असेल तर तास कमी करायचा, हे पत्रिका मांडणाऱ्यांना पाठ असते. दमण-गोव्याचा अर्धा तास मात्र कोण लक्षात ठेवणार? आणि गोव्यातल्या आमच्या माणसांनी तयार पत्रिकाच पाहिली. चिठ्ठी पुन्हा कोणी उघडली नाही.

रात्री मोबाईलवर दोन्ही वेळा घालून पाहिल्या. जोशीबुवांच्या वेळेने मंगळ दोषाच्या घरात. अर्धा तास मिळवला की लग्न पुढच्या राशीत जाते आणि मंगळाचे घर बदलते. तिथला मंगळ दोषाचा नाही.

माझा या गोष्टींवर विश्वास आहे की नाही हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नाही. त्या काळी सगळ्यांचा होता. मंगळ कडक म्हणून आत्याला गोव्यातली दोन स्थळे ठरता ठरता मोडली, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. चोविसाव्या वर्षी, १९६२ साली, मुक्तीनंतर वाटा मोकळ्या झाल्या तेव्हा सुरतेच्या बिजवराला तिला दिली. रेल्वेत नोकरी, दहा वर्षांनी मोठा, पदरी चार वर्षांचा मुलगा. तो मुलगा म्हणजे दादा. तिला स्वतःचे मूल झाले नाही.

सांगावे की सांगू नये? सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईला, तुझे सगळे एका चुकीच्या वजाबाकीवर ठरले, हे सांगून मिळवायचे काय? सकाळी चहा घेतानाही माझे ठरले नव्हते. पण पत्रिका टेबलावर राहिली होती आणि बाजूला माझ्या आकडेमोडीचा कागद. तिने चष्मा लावला, कागद पाहिला आणि म्हणाली, “अर्ध्या तासाचं ना? ह्यांना माहीत होतं.”

मी बघतच राहिलो.

“लग्नापूर्वी ह्यांची ड्युटी काही वर्षं वापीला होती. दमणचे लोक गाडीला यायचे ते अर्धा तास धरून. नवा माणूस असला तर हमखास गाडी चुकायची. लग्नानंतर पाचेक वर्षांनी कधीतरी ह्यांनी ही चिठ्ठी बघितली आणि हसायलाच लागले. मग एकदम गप्प झाले. म्हणाले, दुसरी करून आणू का?”

“मग?”

“दादाला ताप होता त्या दिवशी. मी म्हटलं, आधी डॉक्टरांकडे जाऊन या.”

“आणि गोव्याला कळवलं नाही?”

“बाबा होते तेव्हा. वेळ त्यांनीच लिहून दिलेली. जिवाला लावून घेतलं असतं त्यांनी. तुझ्या बापाला पण नाही सांगितलं कधी.”

मी विचारले, हे लिहिले तर चालेल का? ती म्हणाली, लिही, आता वाचून वाईट वाटून घेणारं कोण राहिलंय?

मग आम्ही कामाला लागलो. खोलीत दोन ढीग होते, एक न्यायचा, एक रद्दीचा. पत्रिका कुठे ठेवू म्हणून विचारले. तिने टाचणी काढली, पत्रिका रद्दीच्या ढिगावर टाकली आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली.

“ही नीट ठेव. बाबांचं अक्षर आहे.”