पंधरा मिनिटे पुढे

परदेशी जायचे म्हणजे विमान हवे, अशी आमच्या धाराशिवाकडची समजूत. आम्ही उभयता गेलो ते सुनौलीची सीमा चालत ओलांडून. पासपोर्टसुद्धा लागला नाही. कमानीपलीकडे नेपाळ, आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे. १९८६ पासून ते तसे आहे.

मी काटे फिरवले. हिने मात्र साफ नकार दिला. तुळजापुरी हिचे वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या रात्री आठच्या गोळीची वेळ हिला परमुलखातही अचूक कळायला हवी होती! व्हायचे तेच झाले. पशुपतिनाथाच्या दारी ही रुद्राक्ष घेऊन धावत आली, तो यात्रेची गाडी निघून गेलेली. मी एकटा पिशव्या सांभाळीत उभा.

पैशांचीही तीच तऱ्हा. आपले शंभर म्हणजे तिथले एकशे साठ. दुकानदाराने भाव सांगितला, की कुठले रुपये ते आधी विचारायचे. माझ्या आजीला यात नवल वाटले नसते. १९४८ पूर्वी निजामाच्या मुलखातून इंग्रजी हद्दीतल्या बार्शीला बाजाराला जायचे, तर सात हाली रुपयांचे सहा कलदार होत. वर करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडे सोडून दाखवावे लागे. बिचारीचा परदेश बैलगाडीच्या टप्प्यातला!

पायपीट करून लॉजवर पोचलो, तेव्हा माझ्या घड्याळात सव्वाआठ झाले होते. हिने आपले मनगट दिव्याखाली धरले.

"अण्णांनी आत्ता गोळी घेतली असेल," ती म्हणाली, आणि मग चपला काढल्या.