आमचा नंदी

उंचीला तो माझ्या गुडघ्याच्या थोडा वर येतो. अंग सागवानाचं, चारही पाय एका पाटावर रोवलेले, पाटाखाली चार चाकं. मागचं डावं चाक नंतर बसवलेलं, म्हणून चालताना तो त्या अंगाला जरासा झुकतो. वशिंड बेताचं. मान किंचित उजवीकडे वळलेली. डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं. वर्षभर तो आमच्या हिंगणघाटच्या घरात माळ्यावर, वापरात नसलेल्या पितळी भांड्यांच्या शेजारी जुन्या लुगड्यात गुंडाळून असतो आणि पोळा आठवड्यावर आला की खाली उतरतो. उतरला की घरातलं पहिलं भांडण त्याच्यावरून होतं : यंदा नंदी कुणाचा?

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. पिठोरी अमावास्येला पोळा. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तुपा-हळदीनं शेकायचे, दुसऱ्या दिवशी जेवायला यायचं आवतण द्यायचं, पोळ्याला त्यांना सजवून तोरणाखाली उभं करायचं. हा मोठ्यांचा सण. त्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, मुलांचा तान्हा पोळा. ज्याच्या हाती खरा बैल देता येत नाही त्याच्या हाती लाकडी नंदी द्यायचा, तोही तोरणाखाली उभा करायचा आणि मग घरोघर नेऊन बोजारा, म्हणजे पैसे किंवा खाऊ, मागायचा. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 साली हा सण सुरू केला असं नागपुरात सांगतात. आमच्याच वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर दूरवर नावाजलेला. तिथले मोठाले नंदी पाहायला बाहेरगावाहून माणसं येतात. आमचा नंदी त्या पंगतीतला नाही. तो दोरीनं ओढता येईल एवढाच आहे, आणि म्हणूनच मुलाचा आहे.

तो कुठल्या वाढयानं घडवला हे सांगणारं माणूस आता घरात उरलेलं नाही. पण त्या वाढयाच्या डोळ्यांपुढं गवळाऊ बैल होता याबद्दल मला शंका नाही. गवळाऊ ही आमच्या वर्ध्याकडची जात : अंगानं हलकी, चेहरा लांबट आणि अरुंद, शिंगं आखूड, पळायला चपळ. नंदीचा चेहरा अगदी तसा आहे. पोटाकडे फार लाकूड ठेवलेलं नाही, पाय सडपातळ. बाजारात हल्ली मिळणारे नंदी गुबगुबीत असतात, गालफडं फुगलेली, सगळ्यांचे डोळे एका साच्यातले. हा मात्र या मातीतल्या एका बैलाकडे पाहून कोरलेला आहे.

वाढयाचं काम तिथं संपलं. पुढचं सगळं मुलांनी केलं.

आमच्या घरात त्याबाबत दोनच नेम आहेत. ज्याचा नंदी, रंग त्याच्या मनाचा. मोठ्यांनी बोलायचं नाही. आणि आधीचा रंग खरवडायचा नाही, त्यावरच द्यायचा. त्यामुळे पोटाखाली, जिथं पाटाला घासून टवके उडाले आहेत, तिथं सगळे थर एकाखाली एक दिसतात. तळाशी गेरू. त्यावर चुना. मग तैलरंग आले : पोपटी, निळा, पुन्हा पांढरा, एकदा चक्क जांभळा. मला प्रत्येक थराचं माणूस ठाऊक आहे.

चुना बाबांचा. त्यांनी नंदी जसाच्या तसा गोठ्यातल्या बैलासारखा रंगवला होता, पांढरं अंग, मानेवर करडी झाक, काळं नाक. मांडीवर त्या बैलाला लोखंडाचा डाग दिलेला होता, तोही त्यांनी कोळशानं काढला. बाबा आयुष्यभर असेच राहिले. जे आहे ते नीट पाहायचं आणि त्यात आपलं काही मिसळायचं नाही.

पोपटी आत्याचा. त्या काळी नंदी मुलांनीच न्यायचा अशी रीत होती. आत्यानं तो हट्टानं घेतला आणि त्याला घातलेली झूल स्वतः शिवली. लाल कापड, कडेनं कशिदा, आरशाच्या टिकल्या, आणि एका कोपऱ्यात स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर. वाड्यावरच्या एका म्हातारीनं विचारलं, "कोनाची व पोरी तू?" आत्यानं बापाचं नाव सांगितलं आणि लगेच पुढं म्हणाली, "नंदी माहा हाय." ही गोष्ट घरात अजून सांगितली जाते. झूल विरली, पण ते अक्षर असलेला कोपरा आत्यानं कापून ठेवला आहे.

निळा चुलतभावाचा. काका कापडगिरणीत साच्यावर होते. हिंगणघाटच्या कापसाचं नाव एकोणिसाव्या शतकात पार लिव्हरपूलच्या बाजारापर्यंत पोचलं होतं आणि त्या शतकाच्या अखेरीस गावातच गिरण्या उभ्या राहिल्या; आमच्यासारख्या कितीतरी घरांचा एक पाय शेतात आणि एक साच्यावर होता. चुलतभावानं कशिदा, गोंडे काही लावलं नाही. गिरणीतून आणलेला पट्ट्यापट्ट्यांचा कटपीस तेवढा पाठीवर टाकला. इतर मुलांच्या मखमलीत ते कापड साधं दिसत होतं. त्याला ते सगळ्यांत भारी वाटत होतं, कारण ते त्याच्या वडिलांनी विणलं होतं.

मी पांढरा दिला आणि कपाळावर बाशिंगाच्या जागी शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला टाचला. कापसाच्या भावासाठी विदर्भ रस्त्यावर उतरला होता ते दिवस. मोठी माणसं पोळ्याला खऱ्या बैलांच्या पाठीवर रंगानं मागण्या लिहीत, अजूनही लिहितात. मी ते पाहिलं होतं. त्या वयात मला भावाचं गणित कळत नव्हतं. बाबा रात्री जेवताना गप्प असतात हे कळत होतं. ते कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं आणि सांगायला माझ्याजवळ नंदी होता.

म्हणून नंदीच्या सजावटीच्या स्पर्धा पाहताना मला राग येतो. स्पर्धेला माझी हरकत नाही. मुलांना बक्षीस मिळावं, मैदान गजबजावं. पण बक्षीस जातं उंचीला, दिव्यांच्या माळांना, हजारो रुपयांच्या देखाव्याला. बापानं पैसे मोजले, कारागिरानं रात्रभर बसून थर्माकोलचा किल्ला उभारला, आणि मूल सकाळी नवे कपडे घालून शेजारी फोटोला उभं राहिलं. त्या नंदीत मूल शोधून सापडत नाही. त्याच मैदानाच्या कडेला एखादं पोट्टं वर्तमानपत्राची झूल आणि बाटलीच्या झाकणांची घुंगुरमाळ घालून नंदी आणतं, डोळे एक मोठा एक बारका झालेले असतात, आणि परीक्षक त्याच्यापाशी थांबत नाहीत. थांबायला हवं. त्या पोट्ट्यानं सण घरातल्या वस्तूंतून उभा केलेला असतो. त्याच्या घरात काय आहे, त्याला काय आवडतं, कशाचं त्याला हसू येतं, हे त्या नंदीवरून कळतं.

आमच्या गोठ्यात आता बैल नाहीत. नांगरणी ट्रॅक्टरनं होते, पोळ्याला तोरणाखाली उभ्या राहणाऱ्या जोड्या वर्षागणिक विरळ झाल्या आहेत. गावातल्या बऱ्याच मुलांनी हात लावलेला पहिला बैल लाकडी असतो, आणि शेवटचाही. 2020 साली महामारीमुळे मैदानही भरलं नाही. नंदी अंगणात उभा करून पूजा केली आणि फोटो नातेवाइकांना पाठवले. तेव्हा जांभळा होता तो, मागच्या बाजूला ट्रॅक्टरसारखे रेडियमचे लाल तुकडे चिकटवलेले. पुतण्याचं काम. बाबांना ते आवडलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण ते बोलले नाहीत. नेम म्हणजे नेम.

तुटक्या शिंगाचं प्रत्येकानं आपापल्या परीनं काहीतरी केलं. आत्यानं मातीचं टोक बसवलं, चुलतभावानं पुठ्ठ्याचं, मी बेगड गुंडाळली. वाढयाकडून नवं करून आणावं असं मोठ्यांच्या मनात आलं की मुलंच अडवतात.

2024 च्या तान्ह्या पोळ्याला, 3 सप्टेंबरला, नंदी भाचीकडे होता. महिनाभर आधी सायकलवरून पडून तिचा हात मोडला होता, प्लास्टर होतं. एका हातानं रंग देववेना, म्हणून अंगाला तिनं हातच लावला नाही. पुतण्याचा जांभळा होता तसाच राहू दिला. फक्त तुटक्या शिंगाला पांढरी पट्टी बांधली, आपल्या हाताला होती तशी, आणि पट्टीवर मैत्रिणींच्या सह्या घेतल्या. धड हातात दोरी धरून ती गल्लीत निघाली. दारोदार बायका आधी विचारायच्या, "याले काय झालं व?" ती सांगायची, "सायकलवरून पडला." बायका हसायच्या, बोजाऱ्यात दहाची नोट वाढायची आणि ती पुढच्या दारात जाऊन तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून, नवी भर घालून सांगायची. सहाव्या-सातव्या घरापर्यंत सायकलवरून नंदीच पडला होता आणि ती त्याला उचलायला गेली म्हणून तिचा हात मोडला होता.