अंड्यांवरचे ऊन

आमच्या घरात कॅमेरा फार उशिरा आला. पाहण्याची सवय मात्र त्याआधीपासून होती. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि आमची नदीकाठची काळी जमीन पाण्याखाली गेली. हाती उरले ते वरचे माळरान आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडी पडणारी गाळपेर. ज्या पाण्याने जमीन नेली, त्यानेच पाखरे आणली. हिवाळ्यात उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरत, चित्रबलाक चिखलात चोची बुडवून मासे शोधत. ते पाहण्यासाठी आज लांबलांबून छायाचित्रकार भिगवणला येतात आणि पहाटे नावेत बसतात. आम्हां भावंडांना ते शेताच्या बांधावरून दिसत.

जवळचे पाहायला आईने शिकवले. पावसाळ्यात ती आम्हांला रानभाजी खुडायला नेई. तांदुळजा, पाथरी, घोळ यांची पाने ती हातात देई. पानाची कड आणि देठाचा रंग नीट पाहिल्याशिवाय एकही पान ओट्यात टाकू देत नसे. दूरचे पाहणे दादांचे, म्हणजे वडिलांचे. उफणणीच्या वेळी ते चिमूटभर भुसा हवेत सोडून वाऱ्याची दिशा पाहत. बहुतेक पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतात. म्हणून वारा पाठीशी ठेवून उभे राहावे, म्हणजे उडणारे पाखरू समोरून येते, हे पुढे मला छायाचित्रणात उमगले. तेव्हा आठवला तो खळ्यावरचा भुसाच.

नोकरी लागल्यावर हप्त्याने कॅमेरा आणि लांब पल्ल्याचे भिंग घेतले. त्या एप्रिलमध्ये गाळपेरीत टिटवीने चार अंडी घातली होती. घरटे म्हणजे जमिनीतला उथळ खळगा आणि त्याभोवती चार खडे. मातकट अंड्यांवर काळे डाग. पायाखाली येईपर्यंत दिसू नयेत अशी. दादांनी औत वळवून तेवढा तुकडा नांगरायचा सोडला होता. मी दहा पावलांवर छत्री रोवून बसलो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती आणि मी खूश होतो: उडत्या पक्ष्याची इतकी जवळची छायाचित्रे मला कधीच मिळाली नव्हती. अर्धा तास असाच गेला.

दादा केव्हा मागे येऊन उभे राहिले, ते कळलेच नाही.

“छत्री तुझ्या डोक्यावर हाय,” ते म्हणाले. “अंड्यांवर कुणाची सावली?”

मी अंड्यांकडे पाहिले. दुपारच्या उन्हात जमीन हाताला सोसवत नव्हती. एरवी टिटवी अशा वेळी अंड्यांवर उभी राहून सावली धरते. माझ्यामुळे तिला उतरता येत नव्हते. इतकी वर्षे पाहायला शिकवलेला मी, आणि समोर चाललेले मलाच दिसले नव्हते. काहीही न बोलता मी सामान उचलले आणि दादांच्या मागोमाग बांधावर गेलो. तिथून घरटे ओळखूही येत नव्हते. काही वेळाने टिटवी पाण्याकडे उडाली, पोट भिजवून परतली आणि थांबत थांबत अंड्यांकडे चालत गेली. ओल्या पिसांनी ती अंडी गार करते, हे दादांनी लहानपणीच दाखवले होते. तेवढे एकच छायाचित्र मी घेतले. आधीची सगळी त्याच रात्री पुसून टाकली.

पुढे दादांना मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रियेच्या आधी मी ते छायाचित्र मोठे करून त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेले, खिडकीच्या उजेडात धरले, पुन्हा दूर केले. भुरक्या जमिनीवर एवढासा पक्षी, पोटाची पिसे ओली.

“अंडी कुठायत?” त्यांनी विचारले.

“दिसत नाहीत, दादा. मी फार लांब होतो.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “कावळ्यालाबी दिसायची न्हाईत.”

मग देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर त्यांनी हाताने चाचपून खिळा शोधला आणि छायाचित्र तिथे लावायला मला सांगितले.