बेकरार करार

‘करार’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून, फारसीच्या वाटेने आला. मुळात त्याचा अर्थ स्थैर्य, ठहराव असा. म्हणूनच ज्याच्या जिवाला स्थैर्य नाही तो ‘बेकरार’. मराठीत मात्र करार म्हणजे कलमे, मुदत आणि सह्या. शब्दातले स्थैर्य गेले, कागद उरला. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या, म्हणजे एनबीएच्या, व्यवहारात या अर्थभ्रंशाचे टोक पाहावयास मिळते. तेथे ‘हमी नसलेला करार’ नावाचा एक रीतसर दस्तऐवज असतो. त्याला मराठीत ‘बेकरार करार’ म्हणावे, असे आम्हांला वाटते.

साहित्याच्या अभ्यासकाने या दस्तऐवजाकडे का पाहावे, असे कोणी विचारील. आमचे कारण आधी खासगी आहे. महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात आम्ही बारावे खेळाडू होतो. बाकाच्या टोकाला बसणाऱ्याचे लक्ष चेंडूपेक्षा प्रशिक्षकाच्या मानेकडे अधिक असते. ती आपल्या बाजूला वळते की नाही, एवढाच त्याचा सामना. पुढे नऊ वर्षे आम्ही तासिका तत्त्वावर मराठी शिकवले, आणि तो बाक पुन्हा ओळखीचा झाला.

आता त्या दस्तऐवजाची रचना पाहू. एनबीएत तीस संघ, आणि प्रत्येक संघात नियमित कराराच्या जास्तीत जास्त पंधरा जागा. म्हणजे सगळ्या मिळून साडेचारशे. हंगामाआधीच्या सराव शिबिराला एकवीस जणांना बोलावता येते. त्यांतून पंधरा ठेवायचे. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेल्या नवोदिताला पहिल्या दोन वर्षांच्या वेतनाची हमी असते. दुसऱ्या फेरीतल्याला अशी हमी देण्याचे बंधन नाही, आणि ज्याची निवडच झाली नाही त्याला तर जे मिळेल ते. हमी नसलेल्या करारावरचा खेळाडू संघात जितके दिवस राहील तितक्या दिवसांचे वेतन त्याचे. २०१७ पासून ‘टू-वे’ नावाचा आणखी एक प्रकार आला. त्यातला खेळाडू मुख्य संघ आणि दुय्यम जी लीग यांच्यामध्ये ये-जा करतो. आरंभी अशा जागा संघामागे दोन होत्या, २०२३-२४ पासून तीन झाल्या.

या साऱ्या रचनेचा काटा जानेवारीत फिरतो. १० जानेवारीला जो संघात असेल त्याच्या करारास उरलेल्या हंगामाची हमी आपोआप लागू होते. पण सोडलेल्या खेळाडूवर इतर संघांना अठ्ठेचाळीस तास हक्क सांगता येतो, आणि तेवढा अवधी संपल्यावरच तो हिशेबातून जातो. म्हणून संघांचा खरा निर्णय ७ जानेवारीपर्यंत होतो. त्याच सुमारास, ५ जानेवारीपासून, दहा दिवसांचे करार करण्यास मुभा मिळते. एका हंगामात एका संघाशी असे दोनच करार करता येतात; त्यानंतर हंगामभर ठेवा किंवा सोडा. म्हणजे एकाची जागा रिकामी होते त्याच आठवड्यात दुसऱ्याचे दहा दिवस सुरू होऊ शकतात. सोडण्याच्या या क्रियेला तेथे जो शब्द आहे, त्याचा अर्थ ‘हक्क सोडून देणे’ असा. आपल्या कार्यालयीन मराठीत याच जातीचा एक शब्द आहे: ‘कार्यमुक्त’. मुक्तीची एवढी स्वस्त कल्पना आपल्या संतांना सुचली नसती.

या व्यवस्थेची आवडती कथा जेरेमी लिनची. हार्वर्डमध्ये शिकलेला हा खेळाडू २०१० च्या ड्राफ्टमध्ये कोणी निवडला नाही. गोल्डन स्टेटने त्याला घेतले आणि डिसेंबर २०११ मध्ये सोडले. ह्यूस्टनने उचलले आणि २४ डिसेंबरला, ऐन नाताळच्या आदल्या दिवशी, सोडले. २७ डिसेंबरला न्यूयॉर्क निक्सने त्याच्यावर हक्क सांगितला. करार हमीचा नव्हता, म्हणून त्याने घरही केले नाही; भावाच्या कोचावर झोपायचा. टाळेबंदीमुळे उशिरा सुरू झालेल्या त्या हंगामात हमीची तारीख १० फेब्रुवारी होती. संघ तेरांपैकी अकरा सामने हरलेला, अनुभवी पॉइंट गार्ड जायबंदी. अशा स्थितीत ४ फेब्रुवारी २०१२ रोजी न्यू जर्सी नेट्सविरुद्ध त्याला बाकावरून उठवले गेले आणि त्याने २५ गुण केले. संघ सलग सात सामने जिंकला. त्या ओघात, १० फेब्रुवारीलाच, त्याने लेकर्सविरुद्ध ३८ गुण केले.

ही कथा सामान्यतः ‘गुणवत्ता लपून राहत नाही’ या सुभाषिताच्या पुष्ट्यर्थ सांगितली जाते. आमचे वाचन याच्या उलट आहे. तीन संघांच्या तज्ज्ञांनी त्याला रोज सरावात पाहिले होते, आणि गुणवत्ता उत्तम प्रकारे लपून राहिली होती. ती दिसली कारण इतरांच्या दुखापती आणि पराभवांची मालिका तारखेच्या आत आली. हेच दहा दिवस उशिरा घडते, तर कदाचित त्याच खेळाडूचे, त्याच हातांचे नाव सोडलेल्यांच्या यादीत एका ओळीपुरते उरले असते. गुणवत्तेला आधी मैदानावरची मिनिटे लागतात, आणि मिनिटे देणारा दुसराच कोणी असतो.

अशा आणखी कथा आहेत. गॅरी पेटन द्वितीय याला ऑक्टोबर २०२१ मध्ये गोल्डन स्टेटने सोडले, तेव्हा त्याने त्याच संघाकडे चित्रफिती सांभाळण्याच्या नोकरीची चौकशी केली होती. नंतर पंधरावी जागा त्यालाच मिळाली आणि २०२२ च्या विजेत्या संघात तो होता. आंद्रे इंग्रॅम दुय्यम लीगमध्ये दहा हंगाम खेळला, जोडीला गणिताच्या शिकवण्या घेतल्या, आणि बत्तिसाव्या वर्षी, १० एप्रिल २०१८ रोजी, हंगामाचे दोन सामने उरले असताना लेकर्सकडून पहिल्यांदा उतरला. त्याने १९ गुण केले. या कथा खऱ्या आहेत आणि आम्हांला प्रिय आहेत. पण कथनशास्त्र शिकवणाऱ्याने हे विसरू नये, की निवेदक ज्याला शेवटपर्यंत ठेवतो तोच नायक होतो.

पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ मध्ये बावन्नाव्या क्रमांकावर डॅलसने निवडला. ड्राफ्टमध्ये निवड झालेला तो पहिला भारतीय, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारतीय वंशाच्या कॅनेडियन सिम भुल्लरला सॅक्रॅमेंटोने दहा दिवसांचा करार दिला. तो मैदानावर उतरला, पण मोजक्या मिनिटांपुरता. आपल्या वृत्तपत्रांनी त्या वर्षी ‘दार उघडले’ असे लिहिले. दार उघडणे आणि आत राहणे, यांत पंधराव्या जागेचे अंतर असते.

येथे एक आक्षेप रास्त आहे. २०२३-२४ मध्ये एनबीएतील नवोदिताचे किमान वार्षिक वेतन सुमारे अकरा लाख डॉलर होते. अशांच्या बेकरारीची तुलना तासावर पैसे मिळणाऱ्या अध्यापकाशी कशी व्हावी? वेतनाची तुलना आम्ही करीत नाही. आम्ही तुलना करतो ती तारखेची. तेथील अनिश्चितता खेळाडूंच्या संघटनेने वाटाघाटी करून कागदावर आणली आहे. ती कधी संपते, हे शेवटच्या खेळाडूलाही ठाऊक असते. आमच्या नऊ वर्षांत अशी तारीख नव्हती. दर मार्चअखेर नाव गळायचे, जूनमध्ये पुन्हा मुलाखत, आणि मध्ये केव्हातरी कोणीतरी सहज सांगायचे की यंदा वर्कलोड बसत नाही. कोणत्या वर्षी आपण ‘त्यांचे’ होऊ, हे विचारण्याची जागाच कोठे नव्हती.

पैशापेक्षा खोल नुकसान कामाच्या पोतात होते. हमी नसलेला खेळाडू चूक न होण्यासाठी खेळतो, किंवा एका रात्रीत सारे सिद्ध करण्यासाठी. संथपणे वाढणारा खेळ त्याला परवडत नाही. वर्गातही तेच. पहिल्या वर्षाच्या मुलांना हाताशी धरून तीन वर्षांत एक लेखक समग्र वाचावा, हा विचार आमच्या मनात दर जूनला यायचा आणि दर जूनला आम्ही नेमलेले पुस्तक, नेमलेले प्रश्न, एवढ्यावर थांबायचो. पुढच्या वर्षी आपण असू, हे गृहीत धरल्याशिवाय कोणालाही दीर्घ वाचन सुरू करता येत नाही.

म्हणून नव्याने तासिकेवर येणारे तरुण सहकारी जेव्हा ‘सर, चांगले शिकवले की ठेवतात ना?’ असे विचारतात, तेव्हा आम्ही लिनची कथा सांगतो, पण तारखांसह सांगतो. आणि त्यांना एवढेच सुचवतो, की चांगले शिकवाच. पण तारीख मागायला संघटित व्हा. हमी देता येत नसेल तर निदान १० जानेवारी तरी द्या, ही मागणी फार मोठी नाही.